डेस्कटॉप कॉम्प्युटर किती वर्षं टिकतो? दहा वर्षांचा झाला की बदलावाच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की 2016 साली घेतलेला डेस्कटॉप आता फार हळू चालतो, दुकानात दाखवला तर ‘नवाच घ्या’ म्हणाले. मी निपाणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. डेस्कटॉपचं आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षं धरतात. पण माझ्या टेबलावर तीन वर्षांत गेलेली मशीनं येतात, तशी बारा-चौदा वर्षं चाललेलीही येतात. मशीन कुठं ठेवलंय आणि त्याला वीज कशी मिळते, यावर फार अवलंबून असतं.

निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. वखारीच्या ऑफिसातला सीपीयू उघडला की आत तपकिरी थर असतो. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांत तो घोंगडीसारखा घट्ट बसतो, हवा जात नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मालकाला वाटतं मशीन म्हातारं झालं. ब्लोअर मारून, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली की तेच मशीन पुन्हा चालायला लागतं. बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीजवळची धूळ काळी असते. तिच्यात लोखंडाचे कण असतात आणि त्यांतून वीज वाहते, म्हणून ती मदरबोर्डवर साचू देणं जास्त धोक्याचं. खानापूरकडे पावसाळ्यातली ओल. रॅमच्या पट्टीचे पाय काळवंडतात, बटण दाबलं की नुसता बीप. पट्टी काढून खोडरबरनं पाय पुसले की बहुतेक वेळा काम होतं. तिकडच्या गिऱ्हाइकांना मी सांगतो, काम नसलं तरी पावसाळ्यात रोज अर्धा तास मशीन चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही.

विजेचं दुखणं मात्र बाहेरून दिसत नाही. 230 व्होल्ट यायला हवेत तिथं शेतीचे पंप सुरू झाले की दिवे मंद होतात, आणि पंप बंद झाले की एकदम दाब वाढतो. हा मार एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, झेलतो. त्यातले आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्या, हळूहळू वाळतात, फुगतात. उष्णता दहा अंशांनी वाढली तर कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, असा एक ढोबळ हिशोब आहे. म्हणून धूळ आणि वीज ही दोन दुखणी एकमेकांना वाढवतात. अर्थिंग नीट करून यूपीएस लावा, ही माझी हात जोडून विनंती आहे. एसएमपीएस गेला तर तो बदलता येतो. तो जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला, तर दहा वर्षं जुन्या मशीनवर खर्च करू नये.

आता तुमच्या मशीनबद्दल. 2016 सालचं म्हणजे प्रोसेसर बहुधा सहाव्या पिढीचा असणार. आत साधी हार्डडिस्क आणि 4 जीबी रॅम असेल, तर हळू चालण्याचं कारण तेच. हार्डडिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान एसएसडी टाका, रॅम 8 जीबी करा, फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. पण एक अडचण उरते. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025ला संपला, आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. बँकेचे व्यवहार, जीएसटी भरणं त्यावर होत असेल तर नवं मशीन घ्यायला हवं. नुसतं पत्रलेखन आणि इंटरनेट असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून आणखी काही वर्षं निघतील. मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग त्यात होतं. हिशोबाचं टॅली मात्र त्यावर थेट चालत नाही.

माझ्या ओळखीच्या एका लग्नपत्रिकावाल्याकडे जुन्या विंडोजचं मशीन आजही रोज चालतं. वीस वर्षांच्या मराठी-कन्नड पत्रिका जुन्या फॉन्टमध्ये आहेत, नव्या मशीनवर अक्षरं फुटतात. आम्ही त्याची इंटरनेटची वायर काढली, आणि दर शनिवारी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर जातात. असं मशीन मी कुणाला बदलायला सांगणार नाही.

तुम्ही आधी फायलींची नक्कल घ्या, मग प्लग काढून सीपीयूचं झाकण उघडा आणि मदरबोर्डचा फोटो काढा. कपॅसिटरची डोकी सपाट आहेत की फुगलीत, ते फोटोत दिसलं पाहिजे. तो इथं टाका, एसएसडीवर पैसे घालावेत की नाही ते मी बघून सांगतो.