बाजारातली मासळी नीट शिजवली की धोका संपतो ना?

बाजारातल्या मासळीत जंतू असले तरी शिजवल्यावर धोका राहत नाही ना, असं तुम्ही विचारलंय. जंतू मरतात. धोका संपतोच असं नाही. बारा वर्षं हे मी घरात सांगतेय आणि कुणी ऐकून घेत नाही.

आम्ही बडोद्याचे, डांडिया बाजारात राहतो. मे महिन्यातला रविवार होता. मोठे भाऊजी आठला मच्छी मार्केटात गेले, बांगडे घेऊन साडेअकराला आले. मध्ये रावपुऱ्यात मित्राकडे बसले होते. पिशवी बाहेर स्कूटरच्या हुकाला, बर्फाचा खडाही नाही. मी आमसूल-तिरफळ घालून कालवण केलं, चांगलं खदखदू दिलं. जेवून हात धुतोय तोच चौघांचे चेहरे लालबुंद, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. सासूबाईंना तर पहिल्या घासालाच जीभ चुरचुरली होती. मुलांनी वरणभात खाल्ला होता, ती ठणठणीत. रात्रीपर्यंत सगळे सावरले आणि ठपका माझ्यावर आला: ‘कच्चं ठेवलंस.’

कच्चं नव्हतं. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी गरमीत राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, आणि ते पोटात गेलं की अ‍ॅलर्जीसारखाच त्रास होतो. उकळल्यावर जिवाणू मरतात, हिस्टामीन मरत नाही. तळा, भाजा, फ्रीजरमध्ये टाका, ते तसंच राहतं. वासावरूनही दर वेळी कळत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘अ‍ॅलर्जी’ लिहिलं. चौघांना एकाच दुपारी अ‍ॅलर्जी?

बाकी साल्मोनेला, व्हिब्रिओ वगैरे जंतू मासळी आतपर्यंत ६३ अंशांना शिजली की जातात, त्यासाठी तासभर रटरटवायची गरज नाही. पण ज्या विळीवर कोलंबी सोलली तिच्यावरच कोशिंबिरीची काकडी चिरली, तर ती काकडी कोण शिजवणार? आपल्याकडे मासळी लांबून बर्फात येते, तेव्हा विकणाऱ्याकडून बर्फ मागून घ्या, डबा घेऊन जा आणि तडक घरी या. रांधणारीला नंतर बोलून काही होत नाही.

आणि हो, काहींना मासळीची, कोलंबीची खरी अ‍ॅलर्जी असते. घशाला सूज आली, श्वास लागला, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

भाऊजी अजून म्हणतात, त्या दिवशी मी थेट घरी आलो. रावपुऱ्यातल्या त्यांच्या मित्रानेच मला सांगितलं, दोनदा चहा झाला होता.