एच-४ वर येणार असशील तर आधी वयाचं गणित मांड

तुझा प्रश्न मला कळला तो असा: बाबांचा एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) मंजूर झालाय, तुम्ही तिघं न्यू जर्सीला येताय, तू साडेसतरा वर्षांची, बारावी नुकतीच झालीय. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, येऊन कॉलेज करता येईल का आणि सोबत छोटंमोठं काम करून खर्चाला हातभार लावता येईल का?

कॉलेज करता येईल, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. काम मात्र नाही, अगदी एक तासही नाही. तू ज्या 'एच-४ ईएडी'बद्दल (कामाच्या परवान्याबद्दल) वाचलंस तो २०१५ पासून फक्त नवऱ्याला किंवा बायकोला मिळतो, तोही एच-१बी वाल्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेली असेल तरच. मुलांना लागू नाही. दुकानात कॅशवर काम करणं, पैसे घेऊन शेजाऱ्यांचं बाळ सांभाळणं, पुण्यातल्या कंपनीचं काम न्यू जर्सीतल्या घरात बसून करणं आणि पगार तिकडच्या खात्यात घेणं, हे सगळं कामातच धरलं जातं. "अगं, सगळेच करतात" असं सांगणारे इथे भेटतील. उद्या तुझ्या अर्जावर प्रश्न आला तर उत्तर द्यायला ते येणार नाहीत. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरही (नोकरी-करासाठीचा सरकारी क्रमांक) मिळणार नाही. त्याची चिंता करू नकोस, कॉलेजला प्रवेश त्यावाचून मिळतो.

आता पासपोर्ट. तो तेराव्या वर्षी काढलाय म्हणतेस, म्हणजे तुझ्या अठराव्या वाढदिवसालाच संपणार. व्हिसाच्या स्टॅम्पिंगच्या आधी नवा काढ. पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, फॉर्ममध्ये तो पर्याय निवड. हे इतकं ठासून सांगण्याचं कारण असं की इथे तुझं राहणं पासपोर्टवरच्या व्हिसाने ठरत नाही, आय-९४ ने, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीने, ठरतं. विमानतळावरचा अधिकारी ती तारीख देतो, आणि पासपोर्ट आधी संपत असेल तर बऱ्याचदा तिथपर्यंतचीच देतो. आमच्या ओळखीतल्या एका घरात आईबाबांना पूर्ण मुदत आणि मुलाला मात्र जेमतेम काही महिने मिळाले होते. लायसन्स काढायला गेल्यावर उलगडा झाला. कागद हातात कुणी देत नाही, उतरल्यावर सीबीपीच्या (सीमा आणि कस्टम्स खात्याच्या) साइटवरून आपणच डाउनलोड करायचा. तिघांच्याही तारखा त्याच आठवड्यात बघा. अठरा पूर्ण झाल्यावर मुदतीबाहेरचे दिवस मोजले जातात: १८० दिवसांहून जास्त झाले आणि मग देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभराहून जास्त झाले तर दहा वर्षं.

पण खरी अडचण आहे ती एकविसाव्या वाढदिवसाची. त्या दिवशी तुझा एच-४ संपतो. आय-९४ वर पुढची तारीख असली तरी संपतो, हे कित्येक आईबापांच्या ध्यानातच येत नाही. याला इकडे 'एज आउट' होणं म्हणतात. तोवर बाबांचं ग्रीन कार्ड होईल अशी आशा धरू नका. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ आणि ईबी-३ ची (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या वर्गांची) रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे. २००२ च्या कायद्याने मुलांच्या वयातून आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज) प्रलंबित राहिल्याचे दिवस वजा होतात खरे, पण एवढ्या लांब रांगेपुढे ती सवलत किती पुरणार?

म्हणजे तुझ्याकडे साडेतीन वर्षं आहेत. मी तुझ्या जागी असते तर पहिली दोन वर्षं एच-४ वर काउंटी कॉलेजला (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजला) काढली असती. फी कमी, घरून जायचं, आणि बऱ्याच राज्यांत एच-४ ला रहिवाशांचा कमी फीचा दर मिळतो. मग चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घेताना एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करायचा. त्यासाठी इथे राहूनच आय-५३९, म्हणजे एच-४ वरून एफ-१ वर जायचा अर्ज, भरता येतो. अर्ज एकविसाच्या आत पोचला पाहिजे, मी तर वीस पूर्ण होताच हालचाल सुरू केली असती. निकाल येईपर्यंत देशाबाहेर जायचं नाही, गेलीस तर अर्ज सोडून दिला असं धरतात. त्या वर्षी दिवाळीला घरी जाणं विसर. दुसरा मार्ग मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत जाऊन एफ-१ चा स्टॅम्प घेण्याचा. तिथे "परत भारतात येणार का?" हा प्रश्न ठरलेला, आणि अख्खं घर न्यू जर्सीत असलेल्या मुलीने त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे अवघडच. एफ-१ झाल्यावर रहिवाशी दर टिकतो का, हे विद्यापीठाला आधीच लेखी विचार. तिथे खर्च एकदम वाढू शकतो.

कामाचे दरवाजे एफ-१ नंतरच उघडतात. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास, साधारण वर्षभराने अभ्यासक्रमाला जोडलेली इंटर्नशिप, पदवीनंतर बारा महिने ओपीटी (आपल्या विषयात काम करायची परवानगी), विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतला असेल तर आणखी चोवीस. विषय निवडताना हे चोवीस महिने मनात ठेव, कारण पुढे एच-१बीची दरवर्षीची लॉटरी लागायला तेवढ्याच जास्त संधी मिळतात.

एक गोष्ट आईबाबांनाही वाचून दाखव. लायसन्सच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा कागद पुढे करतात, नोकरीच्या आय-९ फॉर्मवर "अमेरिकन नागरिक" असा चौकोन असतो. घाईत तिथे खूण झाली तर नागरिकत्वाचा खोटा दावा केला असं ठरू शकतं, आणि त्याला जवळपास माफी नाही. बाकी चुका वकील निस्तरतो, ही नाही.

निघण्याआधी महापालिकेच्या जन्मदाखल्यावर तुझं नाव आहे ना बघ. आपल्याकडे नुसतं "मुलगी" लिहिलेले दाखले अजून निघतात. पासपोर्टवर वडिलांचं नाव तुझ्या नावाला जोडून आलं असेल तर इथल्या प्रत्येक फॉर्मवर ते तसंच लिही, एकीकडे गाळून एकीकडे ठेवू नकोस. लसींच्या नोंदी मूळ प्रतींसह आण, कॉलेज मागतं.

आणि बाबांना कंपनीच्या वकिलाला आत्ताच दोन गोष्टी विचारायला सांग: ग्रीन कार्डाची प्रक्रिया कधी सुरू करणार, आणि तुझ्या आय-५३९ चं काम कंपनी बघणार की खर्च तुमचा तुम्ही करायचा.