अहवाल वाचताना एकोणऐंशीचे एकोणनव्वद झाले तर

ताई, प्रश्न वाचून हसू आलं, रागावू नका. सोसायटीच्या सेक्रेटरी झालात, रविवारच्या वार्षिक सभेत अहवाल वाचायचाय, आणि आत्तापासूनच झोप उडाली आहे. गेल्या वर्षी नुसते आभार मानताना आवाज गेला होता म्हणता. मी डोंबिवलीत अकरा वर्षं हे काम केलं. पहिल्याच वर्षी लिफ्टदुरुस्तीच्या एकोणऐंशी हजारांचे एकोणनव्वद हजार वाचले. ताळेबंदाची प्रत सगळ्यांच्या हातात. मागून आवाज आला, "वरचे दहा कुणाच्या खिशात?" पुढची पाच मिनिटं मी फक्त घाम पुसत होतो.

म्हणून आधी हे करा: प्रत्येक आकडा अक्षरांतही लिहून घ्या. आपले मराठी आकडे घाबरलेल्या माणसाचे वैरी आहेत. सदतीस, सदुसष्ट, एकोणसाठ, एकोणसत्तर... घरी बिनचूक म्हणाल, माइकसमोर जीभ हमखास घसरते.

पाठ मात्र करू नका. एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. अहवाल हा वाचायचाच असतो, ती काही वक्तृत्व स्पर्धा नाही. सुरुवातीची दोन वाक्यं तेवढी तोंडात बसवा. कागद सुटा धरू नका. हात जरा हलला तरी तो फडफडतो आणि ती फडफड बघून आपण आणखी घाबरतो. परीक्षेला नेतात तसं पॅड घ्या. नाव पुकारायच्या आधी पाच-सहा वेळा श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, धडधड जरा उतरते. घोटभर पाणी प्या. कुणी धडधडीवरची गोळी सुचवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, दमेकऱ्यांना ती धोक्याची असते.

आणि ही थरथर तुम्हाला वाटते तेवढी समोरच्याला दिसत नाही. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा प्रयोग आहे. भाषण करणाऱ्या काहींना त्यांनी आधीच हे सांगून ठेवलं. त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही इतरांपेक्षा चांगली वाटली. नुसतं माहीत असण्याचा एवढा फरक.

पण खरं सांगू? तुमची भीती वाचण्याची नाहीच, मध्येच उठणाऱ्या हाताची आहे. त्याचा बंदोबस्त सभेआधीच होतो. सभेची सूचना १४ दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे ती आणि हिशेब घरोघरी पोचलेच असतील. ग्रुपवर आजच टाका, "हिशेबाबद्दल शंका असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी द्याव्यात." सगळे देणार नाहीत, पण सगळ्यात चिवट गृहस्थ नक्की देतील, आणि उत्तर काढायला तुम्हाला दोन दिवस मिळतील. बाकी प्रश्न ठरलेलेच: थकबाकी किती, सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला पैसा, कुठे गुंतवलाय, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं तरी गळतं कसं. या तिन्हींची कागदपत्रं खुणेच्या चिठ्ठ्या लावून जवळ ठेवा. माहीत नसेल तर "बघून लेखी कळवते" म्हणा. अंदाजाने आकडा सांगू नका. तो पुढच्या सभेत तुमच्याच तोंडावर फेकला जातो, माझ्या फेकलाय. वाचन चालू असताना कुणी अडवलं तर थांबवणं अध्यक्षांचं काम. त्यांना आदल्या दिवशी तसं सांगून ठेवा, नाहीतर ते चहा-वेफर्स बघत बसतात.

आणखी एक. गणपूर्ती, म्हणजे कोरम, सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० जण, यांतली कमी असेल ती. तरी वेळेवर कोरम होतो का कुठे? अर्धा तास वाट बघणं आलंच. तिथेच माणूस बसून बसून खचतो. बसू नका. खुर्च्या लावा, सह्या घ्या, येणाऱ्याची चौकशी करा. ज्यांच्याशी आत्ताच गुडघेदुखीबद्दल बोललात, त्यांच्यासमोर वाचणं तितकं जड जात नाही.

आमची ही तिसऱ्या रांगेत बसायची. मी भरभर वाचायला लागलो की चष्मा काढून पदराने पुसायची, ती आमची खूण. तुम्हीही असं कुणीतरी बसवा. समितीतलं नको, ते तुमच्याहून घाबरलेले असतात.