वाचकांचे प्रश्न : चेरी कोळंबीची पिल्ले टिकत का नाहीत?

प्रश्न : आमच्या दोन फुटी काचेच्या टाकीत गप्पी मासे आणि लाल चेरी कोळंब्या आहेत. मादीच्या पोटाखाली अंडी दिसतात. परंतु काही दिवसांनी ती नाहीशी होतात आणि पिल्लू एकही दिसत नाही. दर रविवारी मी निम्मे पाणी बदलते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचे पाणी येते. प्रजननासाठी पाण्यात मीठ घालावे, असे दुकानदार सांगतात. ते योग्य आहे का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : मीठ घालू नये. अमानो या वेगळ्या जातीच्या कोळंबीच्या अळ्यांना वाढीसाठी खारे पाणी लागते, हे खरे. त्यावरूनच हा सल्ला सरसकट दिला जात असावा. चेरी कोळंबीच्या अंड्यांतून मात्र गोड्या पाण्यातच, आईसारखीच दिसणारी, जेमतेम 2 मिलिमीटरची पिल्ले बाहेर पडतात.

अंडी नाहीशी होण्याचे कारण बहुधा आपल्या रविवारच्या स्वच्छतेत आहे. मादी तीन ते चार आठवडे अंडी पोटाखालच्या पायांत धरून ठेवते आणि त्यांना सतत वारा घालावा तसे पाणी घालत राहते. या काळात पाण्याचा जडपणा (त्यातील क्षारांचे प्रमाण) किंवा तापमान एकाएकी बदलले, तर ती अवेळी कात टाकते आणि कातीबरोबर अंडीही जातात. खडकवासल्याचे नळाचे पाणी आणि टँकरने आलेले बोअरचे पाणी यांच्या जडपणात मोठा फरक असू शकतो. त्यामुळे निम्मे पाणी बदलण्याऐवजी दर आठवड्याला दहावा हिस्साच बदलावा, तोही क्लोरीन निघून जाण्यासाठी बादलीत दिवसभर ठेवलेल्या पाण्याने, आणि सावकाश धार धरून. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी कमी होते, क्षार मात्र मागेच राहतात. ती घट आरओ यंत्राच्या शुद्ध पाण्याने भरून काढावी.

यातूनही पिल्ले जन्मली, तरी गप्पी त्यांना सोडणार नाहीत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी ज्या माशाचा वापर होतो, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा कशी करावी? पिल्ले हवी असतील, तर मासे दुसऱ्या टाकीत हलवावेत, हेच आमचे मत आहे. तसे जमत नसेल, तर जावा मॉस या पाणवनस्पतीची दाट गादी करावी. काही पिल्ले तिच्या आडोशाने वाचतील. मोटरचा फिल्टर पिल्ले ओढून घेतो, म्हणून स्पंज फिल्टर बसवावा. स्पंजावर साचणारा सूक्ष्मजीवांचा थर हे पिल्लांचे खाद्यही आहे, त्यामुळे तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

पाणी 22 ते 26 अंश सेल्सिअस असलेले उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत ते 30 अंशांवर जाऊ लागले, तर पाण्यातील प्राणवायू घटतो; अशा वेळी झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा आणि हवेचा पंप चालू ठेवावा. डास मारण्याचे फवारे आणि विजेवर तापणारी द्रवरूप औषधे मात्र त्या खोलीत अजिबात वापरू नयेत, कारण त्यांतील कीटकनाशके कोळंबीलाही मारतात. माशांच्या औषधांपैकी तांबे असलेली औषधेही तितकीच घातक आहेत.