नेट न्यूट्रॅलिटी: तटस्थता, निष्पक्षता की समानता?

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या तारेतून जाणाऱ्या साइट्स आणि अॅप्समध्ये भेदभाव करू नये, हे तत्त्व. प्रश्न असा आहे की त्याला मराठीत इंटरनेट समानता, निष्पक्षता आणि तटस्थता असे तीन शब्द दिसतात, त्यातला बरोबर कुठला, आणि रेग्युलेशनला नियमन म्हणायचं की नियंत्रण.

समानता आधी बाद करा. समानता म्हटलं की लोकांना वाटतं सगळ्यांना सारखाच स्पीड, आणि मग लगेच कुणीतरी विचारतं, म्हणजे मी जास्त पैसे भरून मोठा प्लॅन घ्यायचा नाही का? घ्या की. प्लॅन लहानमोठा असण्याला कुणाचीच हरकत नाही. म्हणणं एवढंच आहे की तुम्ही 100 एमबीपीएसचे पैसे भरलेत तर त्यातून यूट्यूब जसं येतं तशीच कालपरवा सुरू झालेली एखादी साइटही यावी, मध्ये कंपनीने आपला-परका करू नये.

निष्पक्षता जरा जवळ जाते, पण तो पंचाचा आणि न्यायाधीशाचा शब्द आहे. ते दोन्ही बाजू ऐकतात आणि मग निकाल देतात. इथे कंपनीने निकाल द्यायलाच बसायचं नाहीये, म्हणून मी तटस्थताच वापरतो. आता कुणी व्युत्पत्ती काढून म्हणेल की तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, आणि इथे तर सगळं कंपनीच्याच तारेतून जातं, मग काठ कुठला? खरंय, पण शब्द वापराने चालतात, आणि तटस्थमधला 'ढवळाढवळ न करणारा' हा अर्थ सगळ्यांना कळतो.

माझी तक्रार उलट 'नेट'बद्दल आहे. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी 2003 साली हा विषय मांडला तेव्हा त्यांच्या निबंधाच्या नावातच 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' होतं, म्हणजे वाहून नेणारी यंत्रणा. आपल्याकडे नेट म्हणजे फेसबुक, बातम्या, रील्स सगळंच, त्यामुळे वेबसाइट्सनी राजकारणात तटस्थ राहावं असा भलताच अर्थ काढणारे भेटतात. नेटवर्क तटस्थता लिहिलं तर हा घोळ बराच कमी होतो.

ढवळाढवळ म्हणजे नेमकं काय, तर अमेरिकेत 2007 साली कॉमकास्ट या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं ते बघा. बिटटॉरंटवर, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरनी एकमेकांना थेट फाइल देण्याच्या पद्धतीत, दोन कॉम्प्युटर फाइल देतघेत असताना कंपनी मध्येच बनावट 'रीसेट' पॅकेट, म्हणजे कनेक्शन बंद करा असा छोटा संदेश टाकायची, दोन्हीकडच्या कॉम्प्युटरना वाटायचं समोरच्यानेच कनेक्शन तोडलं, आणि तिसराच कुणीतरी मध्ये आहे हे त्यांना कळायचंच नाही. स्पॅम किंवा हल्ले अडवणं वेगळं, ते तटस्थतेत बसतं.

नियमन आणि नियंत्रण एक नाहीत, हे मात्र ठासून सांगतो. नियम घालून देणं म्हणजे नियमन, लगाम हातात ठेवणं म्हणजे नियंत्रण. गंमत अशी की विरोधक तटस्थतेच्या नियमांना 'इंटरनेटवर सरकारी नियंत्रण' म्हणतात आणि समर्थक म्हणतात की कंपन्यांचं नियंत्रण मोडायलाच नियमन हवं, म्हणजे तुम्ही कुठला शब्द उचललात यावरून तुमची बाजू आधीच कळते. एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, 2015 साली तटस्थतेचे नियम आणले तेव्हा आदेशाच्या नावात 'ओपन इंटरनेट' होतं, आणि 2017 साली ते काढले त्या आदेशाच्या नावात 'इंटरनेट फ्रीडम'! मोकळं दोघांनाही हवंय.

आणि शब्दांवरून कोण भांडतं म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकेतली अख्खी कोर्टबाजी एका शब्दावर आहे: ब्रॉडबँड ही 'टेलिकम्युनिकेशन्स सर्व्हिस' (नुसती माहिती वाहून नेणारी) की 'इन्फर्मेशन सर्व्हिस' (माहिती पुरवणारी, हाताळणारी). पहिली असेल तर कडक नियम लावता येतात, दुसरी असेल तर नाही. 2005 साली सुप्रीम कोर्टात केबल इंटरनेटवरून हाच वाद होता, तेव्हा 'इन्फर्मेशन सर्व्हिस' म्हणणं चालेल या बहुमताच्या निकालाविरुद्ध लिहिताना न्यायमूर्ती स्कालिया यांनी पिझ्झावाल्याचं उदाहरण दिलं: आम्ही डिलिव्हरी देत नाही, फक्त पिझ्झा बनवून तुमच्या घरी आणून देतो, असं कुणी म्हटलं तर चालेल का? एफसीसीने 2024 साली नियम परत आणले आणि जानेवारी 2025 मध्ये अपील कोर्टाने 'ही इन्फर्मेशन सर्व्हिसच' म्हणून ते उडवले.

जाता जाता 'झिरो रेटिंग', म्हणजे काही ठरावीक अॅप्स वापरताना डेटाचे पैसे न लावणं. शून्य दर हे भाषांतर शब्दश: ठीक आहे, पण फुकट या गोड शब्दाने तिथे सगळा कारभार झाकला जातो, कारण फुकट असतात ती कंपनीने निवडलेलीच अॅप्स. ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाने, फेब्रुवारी 2016 मध्ये यावर बंदी घातली तेव्हा नियमाच्या नावात 'डिस्क्रिमिनेटरी टॅरिफ्स' असे शब्द ठेवले, म्हणून मी तरी भेदभावी दर असंच लिहितो.