गेओर्गी मार्कोव खरंच मोठा लेखक होता, की छत्रीच्या खुनामुळे गाजला?

होता, आणि आपला देश बल्गेरिया सोडण्याआधीच होता. तुम्ही विचारलंय की विषारी छत्रीचं ते प्रकरण, म्हणजे १९७८ मध्ये लंडनमध्ये मांडीत विष टोचून झालेला त्याचा खून, घडलं नसतं, तर त्याचं नाव कुणी घेतलं असतं का. बल्गेरियात तरी नक्की घेतलं असतं. बाहेरच्या जगात कदाचित नसतंही, पण त्याला कारण आपण सगळेच त्या छत्रीपाशी थांबतो हे आहे.

मार्कोवचा जन्म १९२९ चा, सोफियाचा. शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं आणि त्या आजारपणातच तो लेखनाकडे वळला. १९६२ मध्ये त्याच्या पहिल्या गाजलेल्या कादंबरीला लेखक संघाचं पारितोषिक मिळालं आणि संघाचं सदस्यत्वही. तिथल्या तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीत लेखनावर पोट भरायचं तर संघात असणं भागच होतं. पुढे नाटकं आली, त्यांतल्या काहींवर बंदीही आली. त्याची 'वॉर्सॉच्या बायका' ही दीर्घकथा बघा: उजाड डोंगरावर एक तरुण भूशास्त्रज्ञ आणि एक मेंढपाळ, आणि तो तरुण त्याला दूरच्या शहरातल्या आपल्या प्रेमप्रकरणांच्या गोष्टी सांगतोय. पक्ष नाही, घोषणा नाहीत. फक्त एकाची सांगण्याची भूक आणि दुसऱ्याची ऐकण्याची. हे लिहिणारा माणूस मेल्यामुळे मोठा झाला, असं मला कुणी सांगू नये.

आता एक गोष्ट, जी मला छत्रीपेक्षा जास्त अस्वस्थ करते. १९६९ मध्ये बल्गेरियात 'प्रत्येक किलोमीटरवर' या अर्थाच्या नावाची टीव्ही मालिका आली. फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्टांची शौर्यगाथा, तुफान लोकप्रिय. तिच्या लेखकांमध्ये मार्कोव होता. नायक देयानोवचं काम स्तेफान दानाइलोवने केलं आणि तो घराघरात पोचला. त्याच वर्षी मार्कोव इटलीत भावाकडे गेला. परिस्थिती निवळली की परतायचं, असा सुरुवातीला बेत होता. पण १९७१ मध्ये सरकारने पासपोर्टची मुदत वाढवून द्यायला नकार दिला, तेव्हा तो परतलाच नाही, लंडनमध्ये स्थायिक झाला. मायदेशी त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून साडेसहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली, पुस्तकं वाचनालयांतून काढली गेली, नाव छापणंही बंद झालं. दानाइलोव मात्र पुढची पन्नास वर्षं लोकांचा लाडका नट राहिला, अभिनय शिकवत राहिला, २००५ ते २००९ देशाचा सांस्कृतिक मंत्रीही झाला. यात दानाइलोवचा दोष नाही. पण ज्या मालिकेने नटाला घडवलं, तिच्या लेखकाचं नाव उच्चारायचीही चोरी होती, हे विसरवत नाही.

लंडनमध्ये मार्कोव बीबीसीच्या बल्गेरियन विभागात लागला, आणि १९७५ पासून 'रेडिओ फ्री युरोप'वर, म्हणजे कम्युनिस्ट देशांतल्या श्रोत्यांसाठी चालणाऱ्या अमेरिकी पैशाच्या रेडिओवर, दर आठवड्याला त्याची वार्तापत्रं जाऊ लागली. माझ्या मते हेच त्याचं सगळ्यात मोठं काम. त्याला आतली माणसं माहीत होती. देशाचा सर्वेसर्वा तोदोर झिव्कोव लेखकांना जवळ करायचा, आणि त्या बैठकींत मार्कोव स्वतः बसलेला होता. म्हणून त्याच्या लेखनातला झिव्कोव राक्षस वाटत नाही. गोड बोलून माणसाला आपल्या उपकाराखाली आणणारा धूर्त यजमान वाटतो, आणि हे चित्र शिव्यांपेक्षा जास्त झोंबणारं होतं.

खुनाचं थोडक्यात सांगतो. ७ सप्टेंबर १९७८, नेमका झिव्कोवचा वाढदिवस. लंडनच्या वॉटर्लू पुलावर मार्कोवच्या मांडीत काहीतरी टोचलं, मागे पाहिलं तर एक जण खाली पडलेली छत्री उचलत होता. ११ तारखेला मार्कोव वारला. मांडीतून टाचणीच्या डोक्याएवढी धातूची गोळी निघाली. विष रायसिन, म्हणजे एरंडाच्या बियांतलं, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष. शिक्षा आजवर कुणालाही झालेली नाही.

बल्गेरियात असं घडलेला तो एकटाच नाही. कवी गेओ मिलेव्हने सरकारविरुद्धच्या १९२३ च्या उठावावर 'सप्टेंबर' ही दीर्घ कविता लिहिली. १९२५ च्या मे महिन्यात पोलिसांनी नेलं, तो परत आलाच नाही. जवळजवळ तीस वर्षांनी सोफियाजवळच्या सामूहिक कबरीत सापडलेली कवटी त्याच्या काचेच्या डोळ्यावरून ओळखू आली. खरा डोळा पहिल्या महायुद्धात गेला होता. त्याच्याबद्दलही लोकांना डोळा आठवतो, कविता नाही.

वाचायचं असेल तर मार्कोवच्या वार्तापत्रांची इंग्रजी निवड 'द ट्रुथ दॅट किल्ड' शोधा. जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानांत बघा. नावात खून आहे म्हणून ते हेरकथेसारखं वाचायला घेऊ नका. झिव्कोवविषयीचे भाग आधी वाचा.