घुमट नंतर काढ, आधी चौक आख

पत्र : मॅडम, मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिसिससाठी मी विद्यापीठाचा परिसर घेतला आहे, ऐतिहासिक इस्लामी वास्तुशैलीतून प्रेरणा घेऊन. साइट उष्ण आणि कोरड्या प्रदेशातली, साधारण 80 एकरांची. पहिल्याच ज्युरीत (म्हणजे ड्रॉइंगच्या परीक्षणात) एक सर म्हणाले, ‘हे कॅलेंडरवरचं चित्र झालं.’ बाबा म्हणतात, असल्या विषयावर नोकरी कोण देणार, त्यापेक्षा सरळ हॉस्पिटल घे. शिवाय मी मुस्लिम नाही, अरबी-फारसीचा गंध नाही. विषय बदलू का? आणि ग्रंथालयावरचा घुमट ठेवू की काढू?

उत्तर :

विषय बदलू नकोस. ड्रॉइंग मात्र बरीच बदलावी लागतील.

तू पाठवलेल्या तिन्ही शीट मी नीट पाहिल्या. प्रवेशाला इराणी थाटाची उंच इवान (एका बाजूने उघडा, कमानदार दालनाचा प्रकार), तिच्या मागच्या ओवरीत मोरोक्कोच्या घोड्याच्या नालेसारख्या कमानी, ग्रंथालयावर उस्मानी तुर्कांचा घुमट आणि वसतिगृहाच्या गच्चीवर मुघल छत्र्या. सरांचा शेरा टोचला असणार, पण तो चुकीचा नाही. ‘इस्लामी शैली’ नावाची एकच एक शैली नसतेच. स्पेनच्या कोर्डोबापासून आपल्याकडच्या बीदरपर्यंत हजारेक वर्षांत जे बांधलं गेलं, त्यात कुठे दगड होता, कुठे फक्त वीट. कुठे पाऊस होता, कुठे नुसती धूळ. समरकंदच्या कारागिराने चकाकत्या फरशा लावल्या त्या विटेच्या भिंतीवर. कैरोच्या कारागिराकडे चांगला चुनखडीचा दगड होता, म्हणून त्याने दगडच कोरला. तेव्हा पहिलं काम हे की एक प्रदेश आणि एक काळ निवड. तुझी साइट कोरडी आहे, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक आहे. मग इराण-मध्य आशियाकडे जा, नाहीतर मामलुक सुलतानांच्या काळातल्या कैरोकडे. दोन्हीकडे एकदम नको.

आता तुझ्या शीटवर जे नाही त्याबद्दल. शिक्षणाची इमारत म्हणून या परंपरेने जी गोष्ट घडवली, तिचं नाव मदरसा, आणि तिचा जीव घुमटात नव्हता, चौकात होता. समरकंदचा उलुगबेग मदरसा (1417 ते 1420) घे. मधे चौक, चार बाजूंना चार इवान, कोपऱ्यांत दरसखाने म्हणजे वर्ग, आणि चौकाभोवती दोन मजल्यांवर विद्यार्थ्यांच्या हुजऱ्या म्हणजे राहायच्या खोल्या. राहणं, शिकणं, वाद घालणं, सगळं एका अंगणाभोवती. बगदादचा मुस्तन्सिरिया मदरसा 1233 च्या सुमारास पूर्ण झाला. तिथे सुन्नी कायद्याच्या चार परंपरा एकाच आवारात शिकवल्या जात. बीदरला महमूद गवानने 1472 मध्ये बांधलेला तीन मजली मदरसा आजही अर्धा उभा आहे. त्यात वर्ग, ग्रंथालय, मशीद, शिक्षक-विद्यार्थ्यांच्या खोल्या असं सगळं होतं. हे म्हणजे आपल्या भाषेत निवासी कॉलेज. तुझ्या प्लॅनमध्ये वसतिगृह वर्गांपासून पाऊण किलोमीटरवर आहे आणि मधे पार्किंग. इतिहासातून प्रेरणा घ्यायची तर ती इथे घे.

चौकही नुसता रिकामा चौरस नसतो. कोरड्या हवेत रात्री थंड हवा खाली उतरते आणि चौकात साठते. भिंती उंच असल्या तर सकाळी बराच वेळ ऊन तळापर्यंत पोचत नाही. तुझा मुख्य चौक 90 मीटर रुंद आणि भोवतालच्या इमारती दोन मजली. तिथे सावली कुठून येणार? ते परेड ग्राउंड आहे. त्याचे सहा-सात लहान चौक कर, आकार वेगवेगळे ठेव, एखाद्यात पाणी, एखाद्यात झाडं, आणि ते ओवऱ्यांनी जोड. दुपारी दोन वाजता एखाद्या मुलीला वर्गातून ग्रंथालयात उन्हात न जाता जाता आलं, तर तुझी प्रेरणा पोचली.

आणि जाळी. इथे जरा माझी फजिती सांगते. पहिल्या नोकरीत एका महाविद्यालयाच्या दर्शनी भागाची जाळी माझ्याकडे आली. मी एका फोटोवरून आठ टोकांचा तारा ट्रेस केला, संगणकाला तोच आकार ओळीने उमटवायची अॅरे कमांड दिली आणि दहा मिनिटांत भिंत भरली. खुश होते. साइटवर मॉकअप (खऱ्या मापाचा नमुना) उभा राहिला तेव्हा कळलं की दोन खांबांमधला गाळा 2750 मिलिमीटरचा आणि माझा तारा 400 चा. सहा तारे पुरे बसले, सातव्याला उरले 350, म्हणून त्याचं टोकच छाटलं गेलं. कोपऱ्यावर दोन भिंती जिथे भेटत होत्या तिथे एकीकडे छाटलेला तारा, दुसरीकडे अख्खा. साचे करणारे मिस्त्री बघून एवढंच म्हणाले, ‘मॅडम, कोपऱ्यात नक्षी मेली.’ तारा 250 चा घेतला असता तर बरोबर अकरा बसले असते. जुने कारागीर आधी कोपरा सोडवायचे, मग भिंत भरायचे. मी उलटं केलं होतं.

दुसरी चूक त्याच जाळीत होती. ती 6 मिलिमीटरच्या पत्र्याची होती. जमिनीवर सावलीची नक्षी सुंदर पडायची, खोली मात्र तापायची. हिशेब साधा आहे : भोक 50 चं आणि जाडीही 50 असेल, तर समोरचा सूर्य 45 अंशांच्या वर गेला की थेट ऊन आत येत नाही. तेच भोक 6 मिलिमीटरच्या पत्र्याला पाडलं, तर सूर्य 83 अंशांवर जाईपर्यंत ऊन थोडंफार आत येतच राहतं. कैरोच्या मशरबियात, म्हणजे खिडकीवरच्या लाकडी जाळीत, लाकडाचे कातलेले गोल तुकडे असतात तेही उगाच नाहीत. गोलाईवर उजेड हळूहळू विरतो, डोळ्यांना तिरीप लागत नाही. खाली, नजरेच्या उंचीला फटी बारीक आणि वर मोठ्या, म्हणजे आडही राहतो आणि हवाही खेळते. ज्युरीला जाळीचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र, दाखवू नकोस. 1:5 प्रमाणातला सेक्शन, म्हणजे उभा छेद, दाखव, त्यावर 21 जूनच्या दुपारचा सूर्यकोन काढ. सर काय म्हणतात ते मला कळव.

एक गुंता तुझ्या ध्यानात आलेला दिसत नाही. परिसरात नमाजासाठी जागा असेल तर तिचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, हवं, बाकीच्या इमारती मात्र ऊन-वारा आणि रस्ता बघून वळणार. दोन दिशांचं भांडण. कैरोच्या अल-अकमर मशिदीत (1125) ते फार शहाणपणाने मिटवलंय : दर्शनी भिंत रस्त्याला समांतर, आतला चौक किब्ल्याकडे, आणि मधली पाचर दर्शनी बाजूच्या जाडीत जिरवली. तुझ्या प्लॅनमध्ये प्रार्थनागृह इतरांसारखंच ग्रिडवर बसलंय. चूक म्हणून नाही, संधी म्हणून बघ. हा एक कोन सोडवलास तर अख्खा प्लॅन जिवंत होईल.

आता बाबांचा प्रश्न. त्यांना सांग, हॉस्पिटल आणि हा विषय यांत भांडण नाही. कराचीचं आगा खान विद्यापीठ हे वैद्यकीय विद्यापीठ आणि हॉस्पिटल असं जोडसंकुल; हॉस्पिटल 1985 मध्ये सुरू झालं. आरेखन बॉस्टनच्या पेएट असोसिएट्सचं. कामाला लागण्याआधी त्यांच्या चमूला स्पेन, उत्तर आफ्रिका, इराण अशा ठिकाणच्या जुन्या इमारती बघायला पाठवलं होतं. परत येऊन त्यांनी घुमटांची रांग लावली नाही. चौक, सावलीच्या वाटा, वाऱ्याकडे तोंड केलेल्या खोल्या आणि खडबडीत गिलावा, असा तो परिसर आहे. मुलाखतीत कुणी विचारलंच, तर हेच उदाहरण दे.

धर्माचं म्हणशील, तर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचं 1939 मध्ये पुरं झालेलं आर्ट्स कॉलेज एर्नेस्ट जॅस्पर या बेल्जियन आर्किटेक्टचं. त्याआधी झैन यार जंग आणि सय्यद अली रझा या दोघांना परदेशी विद्यापीठं बघायला धाडलं होतं. त्या इमारतीत उंच कमानीच्या शेजारी अजिंठा-वेरूळची आठवण करून देणारे खांब आहेत. म्हणजे तू कोण आहेस हा मुद्दा नाही, किती नीट पाहिलंस हा आहे. फक्त एक पथ्य : सुलेखन नक्षी म्हणून चिकटवू नकोस. तुझ्या तिसऱ्या शीटवर फरशीत अक्षरं दिसतात. ती काय म्हणतात हे तुला माहीत नाही, आणि कुराणातली आयत पायाखाली गेली तर तो प्रकल्प तिथेच संपतो. भाषेसाठी सध्या अडू नकोस. पुढे संशोधनात गेलीस तर अरबी किंवा फारसी शिकावीच लागेल.

नोकरीबद्दल खरं सांगायचं तर ‘इस्लामी वास्तुतज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात नव्या पदवीधरासाठी निघत नाही. पहिली दोन-तीन वर्षं तू स्वच्छतागृहांचे तपशील आणि जिन्यांची वर्किंग ड्रॉइंग काढशील, विषय कोणताही असो. पण या थिसिसमधून चार दारं किलकिली होतात : परिसरांचं मास्टर प्लॅनिंग, जुन्या वास्तूंचं जतन, हवामानाचा अभ्यास आणि दर्शनी भागांची भूमिती. शेवटच्या दाराकडे आज फार थोडे वळतात. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेल्या गुंडाळीत 114 नक्षींची आरेखनं आहेत. आणि गिरिह (सरळ रेषांच्या गुंफणीतली तारे-बहुकोनांची) नक्षीमागच्या पाच आकारांच्या फरशांवर 2007 मध्ये गाजलेला शोधनिबंध लिहिला तो दोन भौतिकशास्त्रज्ञांनी, पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी. ग्रासहॉपर हे नक्षी रचायचं सॉफ्टवेअर येत असेल तर चांगलंच, पण आधी कंपास-पट्टीने दहा नक्षी हाताने काढ. हाताने काढलेली नक्षी कुठे अडते ते बोटांना समजतं.

मास्टर प्लॅनिंग तुला रोमँटिक वाटत असेल, म्हणून कैरोच्या अमेरिकन विद्यापीठाचा 2008 मध्ये सुरू झालेला परिसर बघ. लोक कमानी आणि बागांचे फोटो काढतात. मला भावतो तो खालचा साधारण 1.6 किलोमीटरचा सेवा-बोगदा. सामान, कचरा, वाहिन्या सगळं त्यातून, म्हणून वर माणसं निवांत चालतात. अबूधाबीच्या मस्दार इन्स्टिट्यूटसाठी बांधलेला 45 मीटर उंच वाऱ्याचा मनोराही असाच वाच : अरुंद गल्ल्या आणि जाळीदार सज्जे सोबत नसते तर तो एकटा शोभेचा खांब ठरला असता.

वाचनासाठी आर्कनेट हा इस्लामी वास्तुकलेचा ऑनलाइन संग्रह मोफत आहे, तिथे प्लॅन आणि सेक्शन मिळतील. पुढे शिकायचं असेल तर एमआयटी आणि हार्वर्डमध्ये 1979 पासून इस्लामी वास्तुकलेचा आगा खान कार्यक्रम चालतो, आणि हाताने नक्षी शिकायची असेल तर लंडनमध्ये पारंपरिक कलांची किंग्ज फाउंडेशनची शाळा आहे. त्याचा विचार दोन वर्षं काम केल्यावर कर.

राहिला घुमट. तुझ्या ग्रंथालयाच्या प्लॅनमध्ये वाचनकक्षात 6 मीटरवर खांब आहेत, म्हणजे घुमट काहीही पेलत नाही, सपाट स्लॅबवर टोपी ठेवलीय. वर अंतर्गोल छत आवाज एका जागी गोळा करतं. एका कोपऱ्यातली कुजबुज समोरच्या टेबलावर ऐकू येते. खांब काढून मोठा गाळा मोकळा करणार असशील आणि ध्वनीची सोय दाखवणार असशील, तर ठेव. नाहीतर या आठवड्यात तो खोड, आणि त्या जागी चौकाचा सेक्शन काढून मला पाठव. माणसं, झाडं आणि दुपारी दोनची सावली त्यात दिसू दे.